शून्य गुणांचं लिखाण

वर्तमानपत्रातल्या लेखाचे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बढतीसाठी किती गुण मिळतात? शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांचा तक्ता आहे. सामाजिक शास्त्रांत समीक्षित नियतकालिकातल्या शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १०, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, राज्य सरकारला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजालाही ४. मराठी दैनिकात वर्षभर दर पंधरवड्याला सदर लिहिलं आणि वर वाहिन्यांवर शंभर चर्चा केल्या, तरी त्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही. तरीही मुंबईत हा दुहेरी व्यवसाय करणारी माणसं आहेत, आणि एम.ए.च्या वर्गातल्या बऱ्याच जणांना तेच व्हायचं असतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

यात क्रमाला महत्त्व आहे. आधी नोकरी, मग एक अरुंद विषय, मग वर्तमानपत्र आणि सगळ्यात शेवटी टीव्ही. उलट्या क्रमाने जाणारे लवकर दिसायला लागतात हे खरं, पण चार-पाच वर्षांनी त्यांच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही उरत नाही. सकाळच्या पेपरात वाचलेलं संध्याकाळी चढ्या आवाजात सांगायचं, एवढंच काम राहतं. वाहिनीला त्याचं सोयरसुतक नसतं. तिला रात्री आठची चौकट भरायची असते.

नोकरीचं आधी उरकू. सहायक प्राध्यापकासाठी किमान पात्रता म्हणजे ५५ टक्क्यांनी एम.ए. आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा. जुलै २०२३ पासून या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, वरच्या पदांसाठी मात्र हवीच. नेट जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पात्रता मिळाली म्हणजे जागा मिळाली असं नव्हे, हे मुंबईतल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये दहा मिनिटं बसलं तरी कळतं. अनुदानित जागा भरायच्या राहतात आणि माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात शिकवत राहतात. सीएचबीत तास झाला तर पैसे. सुट्टीच्या महिन्यांत हात हलवत बसायचं. पूर्णवेळ मान्यता मिळाली की वेतनश्रेणीची लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आणि आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४ तास.

टीव्हीचा मोह सगळ्यात महाग पडतो तो या सीएचबीच्या वर्षांत. तेव्हा पीएच.डी. चालू असते आणि एक प्रकरण रखडलं की सगळंच रखडतं. थेट भरतीने सहयोगी व्हायला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव, ७ शोधनिबंध आणि ७५ गुण लागतात. प्राध्यापक व्हायला १० वर्षं, १० शोधनिबंध आणि १२० गुण. दोन लेखकांचा निबंध असेल तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे १० ऐवजी ७. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार, म्हणजे त्यातल्या निबंधांचे इतरत्र सरासरी किती संदर्भ दिले जातात त्यानुसार, गुणांत भर पडते, पण ती भर देणाऱ्या नियतकालिकात निबंध छापून यायला परीक्षकांच्या दोन फेऱ्या आणि वर्ष-दीड वर्ष सहज जातं. हा हिशोब डोळ्यांसमोर असला की 'सर, आज रात्री एक तास देता का' या फोनची खरी किंमत कळते. पैसे भरा आणि पंधरा दिवसांत छापून घ्या, अशी जाहिरात करणाऱ्या नियतकालिकांकडे ढुंकूनही पाहू नये. निवड समितीत कुणी ना कुणी ते नाव ओळखतंच.

परंपरेबद्दल थोडं. डॉ. आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' सुरू केलं. कॉलेज सरकारी, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. नोकरी आणि लेखणी यांचा हा पेच मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. पुढे १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला आणि भारतीय चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातून सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड उद्योगांवरच्या भराला पर्याय मांडला: आधी मजुराच्या रोजच्या वापरातल्या वस्तू. सचिन चौधुरींनी १९४९ मध्ये याच शहरातून अर्थविषयक साप्ताहिक काढलं. १९६६ पासून ते 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' म्हणून निघतं. आणि अर्थसंकल्प ऐकायला ज्यांनी ब्रेबॉर्न स्टेडियम भरवलं ते नानी पालखीवाला होते वकील. अर्थशास्त्रज्ञांनी याचं थोडं वाईट वाटून घ्यायला हरकत नाही.

आता विषय. 'अर्थव्यवस्था' हा विषय होत नाही. जिल्हा बँकांची थकबाकी, राज्याची महसुली तूट, शहरी मजुरी, कांद्याची साठवणूक, महापालिकेचा भांडवली खर्च, असा एखादा कोपरा धरावा आणि त्याची किमान दहा वर्षांची आकडेवारी स्वतःच्या हाताने एका शीटमध्ये भरावी. स्वतःच्या हाताने हे महत्त्वाचं. मालिका कुठे तुटते, व्याख्या कुठल्या वर्षी बदलली, कुठल्या ओळीखाली तळटीप आहे, हे आकडे टाइप करतानाच कळतं. तयार फाइल डाउनलोड करणाऱ्याला ते स्टुडिओत, समोरच्या पाहुण्याने विचारल्यावर कळतं.

मुंबईत राहणाऱ्याला दोन कोपरे जवळजवळ मोकळे सापडतील. पहिला महापालिकेचा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार फेब्रुवारीच्या पाच तारखेपर्यंत अर्थसंकल्प मांडावा लागतो. २०२५-२६ चा आकडा ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो आणि सगळे त्यात गुंतलेले असतात, त्यामुळे पालिकेच्या वाट्याला एक मथळा आणि दोन चौकटी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षं सभागृहच नव्हतं, म्हणजे अर्थसंकल्पावर चर्चा व्हायची तर ती पेपरातच. दुसरा कोपरा राज्याचा. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' बहुधा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी येते, तीही मराठीत. २०२५-२६ साठी राज्याने महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. वजाबाकी केली की ४५,८९१ कोटींची तूट. लाडकी बहीण योजनेची तरतूद ३६,००० कोटी. एवढ्या तीन-चार आकड्यांवर कुठल्याही बाजूने आरडाओरडा करता येतो आणि होतोही. आधीच्या पाच वर्षांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात किती फरक पडला हे ज्याच्याकडे लिहिलेलं असेल, त्याचं म्हणणं मात्र वेगळं ठरतं.

कोपरा ठरला की वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लावायची. दर महिन्याच्या १२ तारखेला ग्राहक किंमत निर्देशांक. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या शेवटी जीडीपीचे तिमाही आकडे. शुक्रवारी रिझर्व्ह बँकेचं साप्ताहिक सांख्यिकी परिशिष्ट. साधारण दर दोन महिन्यांनी पतधोरण. फेब्रुवारीत केंद्र आणि पालिका, मार्चमध्ये राज्य. लेखाचं अर्धं काम आकडा यायच्या आधी झालेलं हवं: मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा आकडा, पायाचा परिणाम (मागच्या वर्षीचा आकडा फार वर किंवा खाली असल्यामुळे यंदाच्या दरात पडणारा फरक) कोणत्या दिशेने असेल, आणि आकडा वर गेला किंवा खाली गेला तर काय म्हणायचं याच्या दोन वेगवेगळ्या टिपणी. आयत्या वेळी सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं.

पतधोरणाचा दिवस जवळून पाहू. सकाळी दहाला गव्हर्नरांचं निवेदन सुरू होतं. सव्वादहाच्या आत पहिला फोन येतो: 'सर, ईएमआय किती कमी होणार?' त्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरचा ठराव उघडून चार गोष्टी बघाव्यात, आणि याच क्रमाने: दर, भूमिका, मतदान, मग महागाई आणि वाढीचे पुढच्या तिमाह्यांचे अंदाज. ६ जून २०२५ चा ठराव यासाठी चांगला नमुना आहे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६ वरून ५.५० टक्क्यांवर आला, म्हणजे ५० बेसिस पॉइंटची (अर्ध्या टक्केबिंदूची) कपात. रोख राखीव प्रमाण, म्हणजे बँकांना ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, चार टप्प्यांत ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं, त्यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये मोकळे होणार होते. आणि त्याच दिवशी धोरणाची भूमिका 'उदार'वरून 'तटस्थ' केली. सगळ्या पडद्यांवर कपातीचा जल्लोष. भूमिकेतला बदल, म्हणजे यापुढे घाईने कपात होईलच असं धरू नका हा इशारा, त्यावर दुपारपर्यंत फारसं कुणी बोलत नव्हतं. मतदान एकमताचं नव्हतं, पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी सौगत भट्टाचार्य यांनी २५ बेसिस पॉइंटची कपात मागितली होती. कोण का वेगळं बोललं हे चौदाव्या दिवशी येणाऱ्या इतिवृत्तात असतं. तेव्हा एकही वाहिनी फोन करत नाही, म्हणून दुसरा आणि अधिक चांगला लेख त्याच दिवशी लिहावा.

ईएमआयचं उत्तरही तयार हवं, कारण तो प्रश्न रास्त आहे. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, व्याज ८.५ टक्के: हप्ता साधारण ४३,३९१ रुपये. ८ टक्के झाल्यावर ४१,८२२. फरक १,५६९ रुपये. पण एवढ्यावर थांबलं तर प्रेक्षकाची फसवणूक होते. बँका दर कमी झाला की बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची तरत्या दराची गृहकर्जं बाह्य मानदंडाला (बहुधा रेपो दराला) जोडलेली असतात आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. जुनं कर्ज एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दरावर, असेल तर वाट बघत बसावं लागतं. हे सगळं तीस सेकंदांत सांगता येतं. घरी घड्याळ लावून एकदा बोलून बघितलं की येतं.

सगळ्यात जास्त घोळ पायाच्या परिणामाचा. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी बातमी आली की एप्रिल-जून तिमाहीत जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढला. आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीत तो २४.४ टक्के घसरला होता. १०० रुपयांचे ७५.६ झाले, त्यावर २०.१ टक्के वाढ म्हणजे ९०.८. दोन वर्षांपूर्वीच्या पातळीपेक्षा अजून ९ टक्क्यांहून जास्त खाली, आणि पडद्यावर 'विक्रमी झेप'. महागाईत हाच खेळ उलटा होतो. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आला, तेव्हाच्या मालिकेतला नीचांक. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो ६.२१ होता. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये १०० ला मिळणारी टोपली २०२५ मध्ये १०६ रुपये ४८ पैशांना. दादरच्या मंडईत पिशवी घेऊन उभ्या बाईला 'महागाई जवळपास शून्य' हे ऐकून राग आला तर तिचं बरोबर आहे, आणि आकडाही बरोबर आहे. हे दोन्ही एकाच वाक्यात बसवता आलं पाहिजे. त्यासोबत वजनं माहीत हवीत: २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता, त्यामुळे टोमॅटो-कांदा-डाळी पडल्या की सगळा निर्देशांक पडतो आणि शाळेची फी, दवाखान्याचा खर्च तिथेच राहतो. पायाभूत वर्ष बदललं की जुन्या आणि नव्या मालिकेचे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत. जोडणीचा गुणांक लावूनच ठेवावेत.

अर्थसंकल्पाचं वाचन भाषणापासून करू नये. 'अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात' ही काही पानांची पुस्तिका आधी, मग जमेचा अर्थसंकल्प, मग खर्चाचा गोषवारा, आणि करांसाठी वित्त विधेयकाचं स्पष्टीकरणपत्र. प्रत्येक तक्त्यात चार रकाने असतात: मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. एखाद्या योजनेची तरतूद वाढली म्हणायची की घटली, हे कशाशी तुलना केली त्यावर ठरतं. सुधारित अंदाज पडलेला असेल तर त्याच्याशी तुलना करणाऱ्याला वाढ दिसते, मूळ अंदाजाशी करणाऱ्याला घट. पक्षाचे प्रवक्ते आपल्याला सोयीचा रकाना घेऊन येतात. प्राध्यापकाने दोन्ही सांगावेत. २०२५-२६ चा केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी धरला होता, वित्तीय तूट १५.६९ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के, आणि नुसतं व्याज १२.७६ लाख कोटी. खर्चाच्या दर चार रुपयांतला एक रुपया व्याजाला. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तर तासाभराच्या चर्चेत ते तीनदा उपयोगी पडतं.

लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन यांची सरमिसळ मोठमोठ्यांना भोवते. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. डॉलरमधल्या आकड्याला रुपयांत आणताना विनिमय दराची तारीख लिहावी. ६.५० वरून ६.२५ ही पाव टक्का नव्हे, पाव टक्केबिंदू घट. टक्क्यांत मोजली तर ती जवळजवळ ३.८ टक्के होते. उपसंपादक हे दुरुस्त करेल या भरवशावर राहू नये. उपसंपादकाच्या हातात त्या रात्री अशी दहा पानं असतात.

लेखाकडे येऊ. संपादकीय पानावरचा लेख साधारण ८०० ते ११०० शब्दांचा, सदर ६०० ते ७०० चं. शोधनिबंधाचा सांगाडा इथे उलटा करावा लागतो. निबंधात आधी वाङ्मयाचा आढावा, पद्धती, मग निष्कर्ष. लेखात निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात, आणि पद्धतीला फार तर दोन ओळी. एका परिच्छेदात एक आकडा, अगदीच गरज पडली तर दोन. तक्ता द्यायचा तर तीन ओळी आणि तीन रकाने, त्याहून मोठा तक्ता छापील पानावर वाचला जात नाही आणि मोबाइलवर तुटतो. 'सीमांत उपभोग प्रवृत्ती' लिहिण्यापेक्षा 'हातात शंभर रुपये जास्त आले तर त्यातले किती खर्च होतात' असं लिहावं. विरुद्ध मताचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊन त्याला उत्तर द्यावं; कमकुवत मुद्दा घेऊन तो पाडणं वाचकाला लगेच कळतं. भविष्य सांगायचंच तर आकडा पट्ट्यात आणि अट जोडून: पाऊस सरासरीइतका झाला आणि तेल या दराच्या आसपास राहिलं तर इतके ते इतके. नेमका आकडा आणि नेमकी तारीख एकाच वाक्यात दिली की ते वाक्य दोन वर्षांनी कुणीतरी स्क्रीनशॉट म्हणून परत पाठवतंच.

मराठी लेखाची एक अडचण इंग्रजीत लिहिणाऱ्याला कळत नाही. काही ठिकाणी मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये जातो. त्यात जोडाक्षरं तुटतात, टक्क्याचं चिन्ह उडतं आणि दशांश चिन्ह गायब झालं तर ४.४ चे ४४ होतात. म्हणून लेखासोबत पीडीएफ पाठवावी आणि मेलमध्ये खाली सगळे आकडे क्रमाने वेगळे लिहावेत. डेस्कवरचा माणूस मनोमन आभार मानतो, पान लावताना त्याला ताडून बघायला सोपं जातं. मथळा आपण सुचवायचा, पण तो डेस्कचा असतो, हे मान्य करूनच लिहावं. मथळा लेखाच्या उलट अर्थाचा झाला तर समाजमाध्यमावर भांडू नये. सकाळी लवकर संपादकाला फोन करावा, ऑनलाइन आवृत्तीत तो बहुधा तासाभरात बदलतो. एकच लेख दोन दैनिकांना पाठवणं हा मात्र दरवाजा कायमचा बंद करून घेण्याचा हमखास मार्ग.

टीव्हीचा फोन गेस्ट कोऑर्डिनेटरचा असतो. त्याला चार गोष्टी विचाराव्यात: विषयाची नेमकी ओळ काय, आणखी कोण आहे, थेट की रेकॉर्डेड, किती मिनिटं. 'विषय तसा महागाईच आहे' असं उत्तर आलं तर विषय अजून ठरलेला नाही असं समजावं. चार पक्षप्रवक्ते आणि एक प्राध्यापक अशी मांडणी असेल तर प्राध्यापकाला एकूण दोन-अडीच मिनिटं मिळतात, तीही तुकड्यांत. त्यापेक्षा एकट्याची पाच मिनिटांची फोनो (फोनवरून थेट बोलणं) किंवा रेकॉर्डेड बाइट (बातमीत लावायचा बोलण्याचा तुकडा) घ्यावी. बाइट २० ते ३० सेकंदांचीच वापरली जाते, म्हणून मुख्य वाक्य आधी आणि त्यात 'पण' नको. 'वाढ चांगली आहे, पण रोजगार वाढलेला नाही' यातलं पहिलं अर्धंच कापून लावता येतं. 'रोजगाराशिवाय झालेली ही वाढ आहे' हे कापता येत नाही.

घरून बोलायचं तर कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, मोबाइल आडवा, उजेड समोरून, पंखा बंद, वायरचा इअरफोन. इअरपीसमध्ये स्वतःचाच आवाज उशिराने परत येत असेल तर बोलणं अडखळतं. लिंक तपासतानाच पीसीआरला, म्हणजे वाहिनीच्या नियंत्रण कक्षाला, सांगून तो बंद करून घ्यावा. नाव आणि हुद्दा लिहून पाठवावा, कारण पट्टीवर 'ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ' येतं आणि तिशीतल्या सहायक प्राध्यापकाची दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये छान करमणूक होते. स्टुडिओत जायचं तर संध्याकाळी कालिन्याहून लोअर परळला गाडीने जाणं म्हणजे दीड तासाची बोलीच. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून सांताक्रूझहून आचार्य अत्रे चौकापर्यंत भुयारातून निघून जाता येतं. वाहिनीच्या गाडीचा आग्रह परतीसाठी धरावा.

अँकरचा शेवटचा प्रश्न ठरलेला: 'मग सर, कोणता शेअर घ्यावा?' इथे हसून टाळणं पुरत नाही, स्पष्ट नकार द्यावा. सार्वजनिक ठिकाणी विशिष्ट शेअरची शिफारस करणं हे सेबीच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांच्या कक्षेत येतं आणि त्याला नोंदणी लागते. 'मी अर्थव्यवस्थेवर बोलतो, शेअरवर नाही' हे वाक्य पाठ असावं. विषय आपला नसेल तेव्हाही हेच: तीनपैकी दोन फोनना नाही म्हणावं आणि ज्याचा तो विषय आहे त्याचं नाव सुचवावं. कोऑर्डिनेटर असा माणूस विसरत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला करणारे त्याच्याकडे ढिगाने असतात.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, तरी टाळू नये. शासकीय महाविद्यालयात असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात: सरकारी धोरणावर माध्यमांतून टीका आणि मानधन, दोन्हींवर बंधनं. अनुदानित खासगी कॉलेजात आणि विद्यापीठात मोकळीक जास्त, पण संस्थेच्या नावाने बोलू नये आणि 'मतं वैयक्तिक' ही ओळ टाकावी. देशाच्या अर्थव्यवस्थेवर काहीही बोललं तर सहसा चालतं; स्वतःच्या विद्यापीठावर बोललं की नियम आठवतात. जानेवारी २०१४ मध्ये नीरज हातेकर यांना पत्रकार परिषदेवरून मुंबई विद्यापीठाने निलंबित केलं होतं. विद्यार्थी आंदोलनाला उतरले आणि निलंबन मागे घ्यावं लागलं. कारकीर्दीच्या वरच्या टोकाला बंधनं पुन्हा घट्ट होतात. पतधोरण समितीच्या सदस्याला, आणि त्यात तीन बाहेरचे असतात, निर्णयाआधी सात दिवस आणि जाहीर झाल्यानंतर सात दिवस मौन पाळावं लागतं. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या आशिमा गोयल २०२० ते २०२४ या समितीवर होत्या.

पैशांबद्दल लोक विचारायला लाजतात. मराठी दैनिकाचं मानधन पेट्रोल-चहाच्या वर फारसं जात नाही, बऱ्याच वाहिन्या काहीच देत नाहीत, आणि जिथे व्यावसायिक शुल्क ठरावीक मर्यादेपलीकडे जातं तिथे १० टक्के टीडीएस कापून येतो. तो आयकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत दिसतोय का हे विवरणपत्र भरण्याआधी बघावं. खरा पैसा कंपन्या, बँका आणि म्युच्युअल फंडांच्या व्याख्यानांत असतो आणि धोकाही तिथेच. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने जानेवारी २०१२ मध्ये नियम केला: विषयाशी हितसंबंध असलेल्याकडून तीन वर्षांत १०,००० डॉलर किंवा जास्त मिळाले असतील तर शोधनिबंधात सांगायचं. आपल्याकडच्या लेखांखाली अशी ओळ क्वचित दिसते. संपादकाने मागितली नाही तरी आपण पाठवावी: 'लेखक अमुक संस्थेचे सल्लागार आहेत.' जागेअभावी ती कापली गेली तरी पाठवल्याचा मेल आपल्याकडे राहतो.